उचंत खात्यातला पाहुणा

आमच्या बार्शीच्या गोदामामागे एक जुना कडुलिंब आहे. अण्णा रोज सकाळी त्याच्या बुंध्याशी पक्ष्यांसाठी ज्वारी टाकतात. चिमण्या, साळुंक्या, होले येतात आणि दाणे टिपून जातात. गतवर्षी मार्गशीर्षात मात्र त्या झाडावर असा एक पाहुणा उतरला, की त्याने ज्वारीकडे ढुंकूनही पाहिले नाही. आकाराने चिमणीहून लहान, अंग मातकट, पोट पांढुरके. घडोघडी शेपटी उभारायचा आणि तिच्या मुळाशी दोन्ही बाजूंचे पांढरे पट्टे चमकायचे. फांदीवरून झेप घ्यायची, हवेतच कीटक टिपायचा आणि पुन्हा फांदीवर येऊन बसायचे, एवढाच त्याचा व्यवसाय.

माशीमार हे कळले. पण कोणता? आपल्याकडे हिवाळ्यात नेहमी येतो तो लाल छातीचा माशीमार. त्याची वीण पूर्व युरोपाकडची. त्याच्याशी हुबेहूब साम्य असलेला तैगा माशीमार सैबेरियातून येतो, तो मुख्यतः पूर्व व मध्य भारतात आणि त्यापलीकडे आग्नेय आशियात. आमच्या बाजूला तो विरळाच. पुष्कळ काळ या दोघांना एकच जात मानीत असत. गळ्यावर तांबूस रंग नसेल, तर ओळख पटविणाऱ्या खुणा बारीक आहेत. तैगाची चोच सारी काळी, तर दुसऱ्याच्या खालच्या चोचीचे मूळ फिकट. आणि तैगाच्या शेपटीच्या मुळावरची पिसे काळीभोर, शेपटीपेक्षाही काळी.

चोच मला काळी दिसली होती. पिसे दिसली नव्हती. तरीही त्या रात्री कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा चालविते त्या ई-बर्ड या नोंदवहीत मी ‘तैगा’ लिहिले आणि तपशिलात ‘शेपटीच्या मुळावरची पिसे काळीभोर’ असेही भरले. ते वाक्य मी झाडाकडे पाहून नव्हे, पुस्तकाकडे पाहून लिहिले होते.

दोन दिवसांनी नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाची विचारणा आली : ही पिसे आपण स्वतः पाहिलीत का? प्रश्न अत्यंत सौम्य होता. पण माझ्या कानशिलांवर घाम आला. अण्णांना सांगितले, तेव्हा रोजमेळातून मान वर न करता ते म्हणाले, “पावती नाही ती रक्कम उचंतात टाकावी. खर्ची कशी घातलीस?”

ई-बर्डवरही उचंत खाते आहे! ‘लाल छातीचा किंवा तैगा’ अशी जोडनोंद तेथे करता येते. मी चूक कबूल केली, ते वाक्य खोडले आणि नोंद जोडनावाने केली.

पुढे वाचनात इंग्लंडमधील हेस्टिंग्जचे प्रकरण आले. 1892 ते 1930 या काळात त्या परिसरातून कितीतरी दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदी झाल्या होत्या. त्या काळी पुरावा म्हणजे बंदुकीने मारलेला पक्षी! पक्षी खरे होते, ठिकाणाचा दाखला संशयास्पद होता. 1962 मध्ये ‘ब्रिटिश बर्ड्‌स’ या मासिकाने त्यांची चिकित्सा छापली आणि ब्रिटनच्या यादीतून 29 जाती-उपजाती वगळल्या गेल्या. त्यांतल्या बहुतेक पुढे निर्विवाद नोंदींच्या आधारे यादीत परतल्या, ही त्यातली गंमत. म्हणजे ते पक्षी त्या देशात येऊ शकत होते. बनावट होती ती वही. आता जीव घ्यावा लागत नाही, कॅमेरा पुरतो. पुरावा म्हणून त्या चिमुकल्याचे प्रेत कोणी मागितले असते, तर माझी नोंद जन्मभर उचंतातच राहिली असती.

मुलाचा कॅमेरा घेऊन मी पाच सकाळी कडुलिंबाखाली बसलो. तीन दिवस पक्षी दिसला, पण पाठ फिरवीना. चौथ्या दिवशी आलाच नाही. पाचव्या दिवशी हमालांनी गोदामाचे शटर वर केले, त्या आवाजाने तो दचकून कुंपणाच्या तारेवर आला आणि माझ्याकडे पाठ करून त्याने शेपटी उभारली. सात छायाचित्रे निघाली. सहा हलली. सातव्यात शेपटीच्या मुळावरची पिसे स्पष्ट होती, कोळशासारखी.

छायाचित्र, वेळ, जागा, उजेड कोणत्या बाजूने होता, सगळे लिहून पाठविले. संध्याकाळी नोंद मान्य झाल्याचे कळले. अण्णांना दाखविले, तर त्यांनी चष्मा पुसून छायाचित्र पुष्कळ वेळ पाहिले आणि विचारले, “तारीख कोणती टाकलीस? पहिल्या दिवसाची, की आजची?”

मी आजचीच टाकली होती.

“आणि पहिल्या दिवसाची?”

ती उचंतातच आहे.

“राहू दे,” अण्णा म्हणाले.