दादाच्या झोपेबद्दल

सौ. वहिनीस,


दादा रात्रपाळीहून आला की दुपारपर्यंत नुसता कूस बदलत पडतो, असं तुम्ही फोनवर म्हणालात. मोबाइलमुळे झोप उडते, हे आईचं म्हणणं मला पुरतं पटत नाही. त्यासाठी एका फ्रेंच तरुणाची हकिगत ऐका.

मिशेल सिफ्र, वय २३. जुलै १९६२ मध्ये तो आल्प्समधल्या स्कारासोनच्या गुहेत एकटाच उतरला. हाडं गोठवणारा गारठा, दिवस-रात्र कळायला काही वाव नाही, जवळ घड्याळही नाही. उठला, जेवला, झोपायला निघाला की टेलिफोनवरून वर कळवायचा. वरचे सोबती नोंद करायचे, पण वेळ सांगायचे नाहीत. १४ सप्टेंबरला मुदत संपल्याचं कळलं, तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्टच होता. २५ दिवस हरवले! नोंदी मात्र वेगळंच सांगत होत्या. त्याचं झोपणं-उठणं २४ तासांहून जरासंच लांबलेल्या फेऱ्यात नीट चाललं होतं. मनाचा हिशेब चुकला, शरीराचा नाही.

आपल्या परसातल्या लाजाळूचंही तसंच. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिला अंधारात ठेवलं, तरी पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली.

आपल्या शरीरातलं असं घड्याळ मेंदूच्या तळाशी आहे, सुमारे २०,००० पेशींचा इवलासा पुंजका. अंधार पडला की ते पिनियल ग्रंथीकडून झोपेची चाहूल देणारं मेलाटोनिन सोडवतं. पहाटे जाग येण्याआधीच कॉर्टिसॉल चढवू लागतं. हे घड्याळ थोडं मागेपुढे होतं, म्हणून रोज डोळ्यांतून येणाऱ्या उजेडावर स्वतःला लावून घेतं.

आता दादाचं बघा. सकाळी सातला कंपनीतून सुटतो, तेव्हा कॉर्टिसॉल चढलेलं, मेलाटोनिन ओसरलेलं. त्यात बसची वाट पाहताना तोंडावर कोवळं ऊन. घड्याळाला तेवढंच हवं असतं: दिवस उजाडला! सुट्टीला मुलांबरोबर लवकर उठतो, की आठवड्याभरात जे काही सरकलं असेल तेही परत जागेवर. यात त्याचा काय दोष?

येताना काळा चष्मा लावायला सांगा. आणि मागच्या खोलीच्या पूर्वेकडच्या खिडकीचं माप कळवा. रविवारी येताना जाड पडद्याचं कापड आणतो.

आपला,
धाकटा दीर