म्हातारपण न लाभलेले तारे

उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवच्या पळसनाथाचं शिखर वर येतं. लोक गाड्या काढून येतात, फोटो घेतात, भिगवणला मासे खाऊन परततात. धरणाखाली गेलेल्या गावाची एवढी तरी आठवण निघते. आकाशगंगेच्या मध्यात जे तारे गेले, त्यांचं सुतक धरायला कोण आहे?

वैशाखात मध्यरात्र उलटली की इंदापूरच्या माळावरून तो मध्य दक्षिणेला येतो. वृश्चिकाची नांगी आणि धनू यांच्या दरम्यान, मूळ नक्षत्राशेजारी. डोळ्यांना दिसत नाही, धूळ आड येते. 26 हजारांहून जास्त प्रकाशवर्षं दूर तिथे सुमारे 43 लाख सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर आहे. आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या दुर्बिणीने त्याच्या रेडिओलहरी टिपल्या आहेत.

आपला सूर्य नशीबवान. त्याचा सर्वांत जवळचा शेजारी सव्वाचार प्रकाशवर्षांवर, धक्का लागायचं कारणच नाही. तिथे तेवढ्याच अंतरात लाखो तारे दाटलेले, आणि विवराच्या ओढीने सगळे सुसाट. एस-2 नावाचा तारा 16 वर्षांत त्याला एक फेरी घालतो. 2018 च्या मे महिन्यात तो विवराच्या सर्वांत जवळून गेला, तेव्हा त्याचा वेग सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरच्या वर होता.

एवढ्या वेगात दोन तारे घासले गेले तर एकमेकांत मिसळायलाही सवड मिळत नाही. उसाचं पाचट सोलावं तसे वरचे हायड्रोजनचे थर निघतात आणि उघडा गाभा पुढे धावत राहतो. जरा बाहेर, वेग कमी असतो तिथे, दोघांचा मिळून एक होतो. जड, तेजस्वी, पुन्हा तरुण दिसणारा. पण ही तरुणाई उसनी. जड तारा इंधन भराभर उधळतो आणि लवकर संपतो.

सूर्य पाचेक अब्ज वर्षांनी फुगून तांबडा राक्षसी तारा होईल. ताऱ्याचं म्हातारपण ते हेच. मध्याच्या अगदी लगत असे म्हातारे अपेक्षेपेक्षा कमी सापडतात. टकरींनी त्यांची फुगलेली कवचं ओरबाडून नेली, असं एक स्पष्टीकरण आहे. मला ते पटतं, आणि पटलं म्हणून जास्तच वाईट वाटतं.

कृष्णविवर म्हटलं की मला एक मराठी कथा आठवते. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आमच्या भागात जगतापांना तोटा नाही, त्यामुळे तो लेखक मला कायम गावकीतला वाटत आला. नारळीकर सर 20 मे 2025 रोजी पुण्यात गेले, वयाच्या 86 व्या वर्षी. त्यांना तरी पिकलं वय लाभलं.

येत्या मे महिन्यात रात्री एकनंतर वस्तीवरचा हॅलोजन तेवढा बंद करा आणि दक्षिणेकडे, त्या मध्याच्या दिशेला बघा. बारामतीचा उजेड पश्चिमेला राहतो, फारसा आड येत नाही.