दिसण्याच्या आधी

मराठीत माणूस जाड होऊ लागला की भाषा त्याच्या बाजूने उभी राहते. मूल बाळसे धरते, लग्नानंतर मुलगी अंगाने भरते, नोकरीला गेलेल्या मुलाला परगावचे पाणी मानवते. उलट दिशेचे शब्द मात्र आठवून पाहावेत: वाळणे, रोडावणे, हडकणे, गळणे, खंगणे, खालावणे. यांतल्या प्रत्येकामागे एखादे दुखणे, दुष्काळ किंवा सासुरवास दडलेला आहे. धडधाकट माणसाने आपखुशीने, ठरवून हलके होणे, या कृतीसाठी आपल्याकडे स्वतंत्र क्रियापद नाही. 'वजन कमी करणे' हा प्रयोग दवाखान्याच्या भाषेतून आला, आणि त्याला अजून औषधाचा वास येतो. 'बारीक होणे' त्यातल्या त्यात तटस्थ. पण तेही बहुधा प्रश्न होऊनच येते: 'बारीक झालीस गं, बरं नव्हतं का?'

हा शब्दविचार केवळ हौसेतून आलेला नाही. भोरमध्ये मराठी शिकवत मला आता बावीस वर्षे होतील. गेल्या मार्चमध्ये केलेल्या रक्ततपासणीत साखरेची तीन महिन्यांची सरासरी ६.२ आली. म्हणजे मधुमेह नव्हे, पण त्याच्या उंबऱ्यावर. डॉक्टर म्हणाले, वजन पाच किलोंनी उतरवा, रोज चाला, सहा महिन्यांनी पुन्हा पाहू. माझे वजन होते ८४ किलो ६०० ग्रॅम.

माझ्या आईचे मूत्रपिंड मधुमेहानेच निकामी केले. शेवटची दोन वर्षे आठवड्यातून दोनदा आम्ही भोरहून पुण्याला डायलिसिससाठी जात असू. तिथे यंत्राला जोडण्यापूर्वी आणि नंतर रुग्णाचे वजन करतात. चार तासांत आईचे वजन दोन किलोंनी उतरलेले असे. इतक्या वेगाने कमी होणारे वजन मी दुसरीकडे कुठेही पाहिलेले नाही. आणि ते सारे पाणी होते. तिसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा चढलेले असे. काट्यावरच्या आकड्याविषयी माझ्या मनात जो एक संशय आहे, त्याचे मूळ त्या खोलीत आहे.

तरीही मी रोज सकाळी काट्यावर उभी राहतेच. आज दहावा आठवडा संपला. ८३ किलो २०० ग्रॅम. म्हणजे दहा आठवड्यांत १४०० ग्रॅम, आठवड्याला १४०. आरशात काहीही फरक नाही. साडी तशीच बसते. विभागातील सहकाऱ्यांनी पहिल्या पंधरवड्यात उत्साहाने सल्ले दिले. त्यात अर्थातच दिवसातून दोनदाच, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची, कै. श्रीकांत जिचकारांपासून सुरू झालेली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोहोचवलेली पद्धतही होती. मग त्यांनी माझ्याकडे निरखून पाहणे सोडून दिले. वेल्ह्याकडच्या आमच्या चुलत सासूबाई अधिक स्पष्ट आहेत. (तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे, काकींच्या तोंडी वेल्हेच आहे.) परवा त्यांच्या पंगतीत मी इंद्रायणीचा भात अर्धाच घेतला. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"सूनबाई, कुठं काय झालीस बारीक? हाईस तश्शीच हाईस. मग भात कशापायी सोडलास?"

"सोडला नाही काकी, अर्धा केलाय."

"अर्धा म्हंजी सोडल्यागतच की."

ज्यांनी चिखलात वाकून तो भात लावला, त्यांच्यापुढे उष्मांकांची भाषा बोलणे मला जमले नाही.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे 'उपास' आठवल्याशिवाय राहणार नाही. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मधील या लेखाकडे आपण पोट धरून हसण्याचा मजकूर म्हणून पाहतो, आणि तो तसा आहेच. पण त्यातील विनोदाचे यंत्र कुठे आहे, हे पाहण्यासारखे आहे. उपास करणाऱ्याला आपला त्याग डोंगराएवढा वाटतो. चाळीला आणि काट्याला त्याचा पत्ता नसतो. आत घडणारे आणि बाहेर दिसणारे यांतील ही फट म्हणजेच तो विनोद. माझी तक्रार पु. लं.विषयी नाही, त्यांच्यानंतरच्या आपल्याविषयी आहे. स्थूल माणसाच्या प्रयत्नाकडे पाहण्याची दुसरी रीतच मराठी गद्याने फारशी शोधली नाही. क्षयरोग्याला आपण कादंबऱ्या दिल्या, मधुमेह्याला विनोद. आणि जाहिरातींनी दिली ती 'आधी' आणि 'नंतर' अशी दोन छायाचित्रे. कथनशास्त्राच्या वर्गात वाईट कथेचा नमुना म्हणून ती खुशाल दाखवावीत, कारण सगळा काळ त्यांतून काढून टाकलेला असतो. दहावा आठवडा त्यांत कुठेच नसतो.

त्या काढून टाकलेल्या काळात शरीरात काय चालते, याची मी माझ्या परीने माहिती करून घेतली. आहार कमी केल्यावर पहिल्या काही दिवसांत जे झपाट्याने उतरते ते बरेचसे पाणी असते. यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या ग्लायकोजेनच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते आणि साठा संपला की तेही जाते. नव्याने व्यायाम सुरू केलेले, दुखरे स्नायू उलट पाणी धरून ठेवतात. मीठ, पाळी, बद्धकोष्ठ यांनी वजन दिवसात किलोभर इकडेतिकडे होते. चरबीचा हिशेब याहून फार संथ. एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक असतात. माझी रोजची तूट १५० उष्मांक धरली, तर एका किलोला ५१ दिवस. माझे १४०० ग्रॅम या गणितात चपखल बसतात. आठवड्याला १४० ग्रॅमची घट आणि दिवसाला किलोभराची हेलकावणी! काट्यावर ती दिसणार तरी कशी?

डोळ्यांच्या साक्षीवर किती विसंबावे, याचे उदाहरण पुण्यातच आहे. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एक छायाचित्र 'लॅन्सेट'मध्ये २००४ साली छापून आले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. पाहणाऱ्याला दोघेही सडपातळच. आपल्या लोकांची चरबी दिसत नाही, ती पोटात खोल जाऊन बसते. मग तिचे जाणेही दिसू नये, यात नवल काय?

आणि चेन्नईचा तो अभ्यास. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबऱ्यावरच्या ५३१ भारतीयांना तीन वर्षे तपासले. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना काहीच विशेष सांगितले नव्हते, त्यांच्यातील ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. चालणे आणि आहार यांचा सल्ला दिलेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. मला ज्या वाक्यापाशी थांबावे लागले ते पुढचे आहे: या दुसऱ्या गटाचे वजन म्हणावे असे उतरलेच नव्हते. म्हणजे तीन वर्षे त्यांच्याही घरी कुणी ना कुणी म्हणत असणार, 'हाईस तश्शीच हाईस.' अर्थात ३९ टक्केही काही थोडे नव्हेत. चालूनही ज्यांना आजार झाला, त्यांच्यात मी असणार नाही, असे मला कुणी लिहून दिलेले नाही.

चरकाने सूत्रस्थानात अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंदित ठरवले आहे. त्यातल्या त्यात कृश बरा, असेही म्हटले आहे. स्थूलतेवर त्याने जागरण, व्यायाम आणि चिंतन क्रमाक्रमाने वाढवायला सांगितले. पैकी चिंतन प्राध्यापकांना सोपे. मला महत्त्वाचा वाटतो तो 'क्रमाक्रमाने' हा शब्द. आपल्या बोलीत त्याला 'दमाने' म्हणतात. दम लागतो तोही श्वासच आणि धरायचा तो दमही श्वासच. जानेवारीत विद्यार्थ्यांबरोबर गुंजवण्याहून राजगड चढताना मी चोरदरवाजापर्यंत अकरा वेळा बसले होते. गेल्या रविवारी पहाटे त्याच वाटेने गेले, सात वेळा बसले. हे काट्याला कळलेले नाही, आणि काकींना सांगण्यासारखेही नाही.

राजगडाहून उतरल्यावर परतताना भाटघरच्या जलाशयाच्या कडेने गेलो. १९२७ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाच्या पाण्यात, वेळवंडीच्या पात्रात, कांबरे गावचे कांबरेश्वराचे देऊळ बुडालेले असते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी पुरेसे उतरले की ते उघडे पडते आणि लोक दर्शनाला जातात. कालव्यांना पाणी सुटते, ऊन पाणी शोषते, पातळी रोज उतरत असते. पण काठावरून पाहणाऱ्याला कित्येक आठवडे नुसते पाणीच दिसते. आम्ही गेलो तेव्हा देऊळ पूर्ण मोकळे होते. दगडांवर गाळ वाळून भेगाळला होता, बायका पदराने नंदीची पाठ पुसत होत्या. माझ्या मुलाने माझे छायाचित्र काढले. त्यात मी मार्चमध्ये होते तशीच दिसते.

पुढची तपासणी सप्टेंबरात आहे. तोवर पाऊस होऊन ते देऊळ पुन्हा पाण्याखाली गेलेले असेल.