आढ्यावरचें कवेलू

रोहिणी सरत आल्या कीं भंडारा जिल्ह्यांतील पवनीकडे जुन्या घरांवर कवेलू फेरण्याची घाई उडते. कौलांना इकडे कवेलू म्हणतात. दोन्ही पाखीं सहज फेरून होतात; खरा कस लागतो तो आढ्यावर.

गेल्या ज्येष्ठांत आम्ही पाहिलेल्या वृद्ध कारागिरानें आढें पूर्वेकडून झांकण्यास आरंभ केला. प्रत्येक नवें कवेलू मागल्यावर चढवीत तो पश्चिमेस सरकला. कारण विचारतां म्हणाला, “वारा मावळतीकडून येते जी, सांध्याचं तोंड उगवतीकडं पाह्यजे.” मग झड कितीही लागो, पाणी सांध्यांत न शिरतां वरून ओघळतें.

येथें एक फट राहिली तर आढ्याखालची मातीची भिंत मुकाट पाणी पिते आणि भर श्रावणांत बसते. दोष पावसाला मिळतो. असतो मात्र ज्येष्ठांतल्या घाईचा.