दोन बोटे तार

साठी उलटलेल्या माणसाने सोल्डरिंग आयर्न हाती धरू नये, असे आमच्या घरात एक मत आहे. हे मत अर्थातच सौभाग्यवतींचे. आजवर मी ते कधी मनावर घेतले नव्हते. गेल्या श्रावणात मात्र असा काही प्रसंग घडला, की त्यात थोडेफार तथ्य असावे असे मला वाटू लागले.

त्याचे असे झाले. माझी आई ब्याण्णव वर्षांची. आमच्या जुन्या घरात माजघरापलीकडच्या खोलीत ती निजते. दिवेलागणीला तिच्या उशाजवळचा दिवा लावणे, आणि रात्री ती उठली की पुन्हा लावणे, हे काम माझ्याकडे. मला हाक मारायची नाही म्हणून एकदा ती अंधारात बटण चाचपडत उठली, आणि पडता पडता वाचली. हे कळताच मुलाने पुण्याहून एक ‘स्मार्ट प्लग’ पाठवला. ओसरीवर बसून मोबाइलवर बोट टेकावे, की आत दिवा लागावा! उठणे नको, धावणे नको.

पण प्लग आज्ञा पाळीना. ओसरीवर तो शहाण्या मुलासारखा वागे; आईच्या खोलीत नेला की त्याची वाचाच बसे. वाय-फायचे खोके ओसरीच्या कोपऱ्यात, आणि मध्ये दीड दीड हात जाडीच्या दगडमातीच्या दोन भिंती. लहरींनी बिचाऱ्यांनी यावे तरी कसे?

अशा वेळी वडिलांची आठवण झाल्यावाचून कशी राहील! १९६४ साली आमच्या घरी रेडिओ आला. त्याचा परवाना पोस्टातून काढावा लागे. आवाजापेक्षा खरखरच जास्त, म्हणून वडिलांनी कौलांवर दोन बांबू उभारले आणि त्यांच्यामध्ये तांब्याची तार ताणली. ते वर तार ओढत होते, आणि खाली रेडिओपाशी कान लावून बसलेली आई एकाएकी ओरडली, “आलं, आलं!” तो आनंद अजून माझ्या कानांत आहे.

एरियलची लांबी लहरीच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकी असली म्हणजे उत्तम, हे मला ठाऊक होते. त्या रेडिओच्या मध्यम लहरी असत सुमारे ३०० मीटरांच्या. म्हणजे तार हवी ७५ मीटर. ती कुणाच्या कौलांवर मावणार? वडिलांनी जमेल तेवढी ताणली. प्लगची लहर मात्र सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावणारी. तिची लांबी साडेबारा सेंटीमीटर, आणि चौथा हिस्सा ३१ मिलिमीटर. दोन बोटे तार! काडेपेटीतल्या काडीहूनही आखूड! त्यातून या पट्ट्यातल्या लहान यंत्रांना २००५ सालापासून परवानाही लागत नाही. मला तर वाटले, वडिलांपेक्षा मी फारच स्वस्तात सुटलो.

प्लगचे कवच उकलले. आत हिरव्या पट्टीच्या कडेला तांब्याची एक नागमोडी रेघ होती. हेच त्याचे एरियल. ती मुळाशी कापली, तिथे मोजून ३१ मिलिमीटर तार डाग देऊन जोडली, आणि कवचाला भोक पाडून तारेचे टोक बाहेर काढले. कवच चिकटवून वाळत ठेवले, आणि रात्री तो आईच्या उशाशी लावायचा असे ठरवून मी चहा मागवला.

चहाला आमचे एक स्नेही आले. रेडिओ दुरुस्तीत त्यांची हयात गेलेली. मी मोठ्या अभिमानाने प्लग दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, “अजून लावला नाहीत ना?”

“नाही. का बरे?”

“ते जुने एसी-डीसी रेडिओ आठवतात? ट्रान्सफॉर्मर नसायचा, म्हणून आतल्या पत्र्याला हात लागला की झटका बसायचा. अशा पुष्कळ प्लगांत तोच प्रकार. मेन्सची वीज आतल्या पट्टीपासून अलग केलेलीच नसते. आतल्या आत आहे तोवर कवच सांभाळतं. तुम्ही तर तिला बाहेर वाट करून दिलीत. अहो, ही तार म्हणजे एरियल नव्हे, दोनशे तीस व्होल्टचं टोक आहे!”

मी चहाचा पेला खाली ठेवला. अंधारात उशाशी चाचपडणारा आईचा हात माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. त्या रात्री बराच वेळ मला झोप आली नाही.

तो प्लग मी त्याच दिवशी मोडून टाकला. स्नेह्यांनी मात्र पुढचे काम अंगावर घेतले. मोबाइल हातात धरून, त्यावरच्या रेघा मोजीत, ते घरभर फिरले. माजघराच्या भिंतीला टेकून आमचे लोखंडी कपाट उभे आहे. त्याच्या आड जाताच रेघा एकदम पुसल्या. “भिंतीतून थोडं तरी पाझरतं,” ते म्हणाले, “लोखंडातून काय जाणार?” मग आम्ही दोघा म्हाताऱ्यांनी ते कपाट दोन हात सरकवले, आणि वाय-फायचे खोके कोपऱ्यातून काढून दारांच्या रांगेत उंच फळीवर ठेवले. मुलाने दुसरा प्लग पाठवला. तो न उघडता लावला.

संध्याकाळी ओसरीवर बसून मी मोबाइलवर बोट टेकले. आतून आईचा आवाज आला, “लागला, लागला!” साठ वर्षांपूर्वीचाच आवाज, थोडा थकलेला. मी कृतार्थ होऊन वर्तमानपत्र उघडले.

थोड्या वेळाने तिने पुन्हा हाक मारली, “अरे, दिवा आला, तू कुठे आहेस?”

मी वर्तमानपत्र मिटले आणि आत गेलो. दिवेलागणीला मी दिवा लावायला जातो असे मी समजत होतो. आईच्या हिशेबी दिवा हे निमित्त होते.

आता आमची वाटणी ठरली आहे. रात्रीचे काम प्लगकडे. दिवेलागणीचे माझ्याकडे. सौभाग्यवतींनी सोल्डरिंग आयर्न कुठे ठेवले आहे, हे मी अजून विचारलेले नाही.