पटसंख्या बघून सामना!

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हायस्कूलचा फुटबॉल म्हणजे जणू गावची जत्राच. हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे बरं का, लंबगोल चेंडू हातात धरून पळायचा खेळ.

तिथे कोणत्या शाळेने कोणाशी खेळायचं, हे पटावरून ठरतं. 'युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग' ही संस्था दर दोन वर्षांनी शाळांची पटसंख्या बघून १ए ते ६ए असे सहा गट पाडते. ६ए मध्ये दोन हजारांहून जास्त पटाच्या शाळा, तर १ए मध्ये जेमतेम शंभरेक मुलांच्या. या छोट्या शाळांत अकरा जणांचा संघ जमवणं अवघड, म्हणून त्या सहा-सहा जणांत खेळतात. मैदानही १०० ऐवजी ८० यार्डांचं!

ऑगस्टअखेर हंगाम सुरू होतो. त्याआधी लोक अंदाज बांधतात, तेव्हा पाहतात की बारावीची किती मुलं बाहेर पडली आणि अनुभवी किती उरली. छोट्या शाळेतून दोन मुलं गेली तरी संघ खिळखिळा होतो.

आपल्याकडे शालेय स्पर्धांचे गट वयानुसार असतात: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. वय सारखं, पण पटाचं काय? चाळीस पटाची वस्तीवरची शाळा हजार पटाच्या शाळेसमोर उभी राहते. हरली की आपण म्हणतो, "सराव कमी पडला." संघ किती मुलांतून निवडला, हे कोणी विचारतच नाही.

निदान केंद्रपातळीवरचे सराव सामने तरी पट बघून घेऊया. लहान शाळेतल्या मुलांनाही जिंकण्याची चव कळू द्या ना!