जुनी मोटार आणि वाढते मूल : एका स्नेह्यास पत्र

नागपूर, फाल्गुन अखेर

श्री. भाऊसाहेब यांस,


वडिलांच्या काळापासून घरी असलेली प्रीमियर पद्मिनी येत्या उन्हाळ्यापासून घरच्या शेडखालीच उघडून पूर्ववत करावी आणि नववीत गेलेली कन्या त्या कामात मदतीला असावी, हा आपला मनोदय पत्रातून कळला. मनोदय उत्तम आहे. मात्र कन्येने मदतीला असावे ही जी योजना त्यात दिसते, तिचाच फेरविचार व्हावा यासाठी हे उत्तर जरा विस्ताराने लिहिले आहे. कारण वाढत्या वयाच्या मुलासह हाती घेतलेले असे काम तडीस जाते की महिन्याभरात मूल त्यातून अंग काढून घेते, हे पैशापेक्षा किंवा सुट्या भागांच्या उपलब्धतेपेक्षा कामाची वाटणी कशी झाली आहे यावर अधिक अवलंबून असते.

प्रथम गाडीविषयी. पद्मिनी ही मुळात इटलीच्या फियाट कंपनीची रचना होय. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून ती १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ या नावाने बाहेर पडू लागली, सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ म्हणून ओळखली गेली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ हे नाव घेऊन शतक संपेपर्यंत बाजारात राहिली. एवढ्या काळात तिच्या यंत्ररचनेचा गाभा फारसा बदलला नाही : १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, सुकाणूच्या दांड्यालगत बसवलेला चार गतींचा गिअर, चाकांना ड्रम ब्रेक आणि मागच्या बाजूला पोलादी पाटे. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती रस्त्यावर सर्वाधिक काळ दिसली. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर सेवेतून गेली. टॅक्सीवाल्यांच्या मागणीवर उभा असलेला सुट्या भागांचा बाजार यापुढे आटतच जाणार असल्यामुळे जुना भाग फेकून नवा आणण्याऐवजी आहे तोच भाग खोलून, स्वच्छ करून, गरज पडल्यास लेथवर दुरुस्त करून पुन्हा बसवणे भाग पडेल, आणि शिकणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही अडचण इष्टच म्हणावी लागेल.

नागपूरच्या गाडीला आणखी एक जमेची बाजू आहे. समुद्रावरच्या खाऱ्या हवेने मुंबई-कोकणातल्या गाड्यांचा पत्रा जसा आतून खाल्ला जातो तसा येथील कोरड्या हवेत सहसा जात नाही. येथे सोसावे लागते ते ऊन, ज्याने खिडक्यांची आणि काचांची रबरे तडकतात, सीटचे रेक्झिन फुटते आणि रंग विटतो. तरीही पावसाळ्याचे पाणी साचून राहते त्या जागा, म्हणजे पायाखालच्या मॅटखालचा पत्रा, दारांची खालची कड आणि डिकीचा तळ, आधी पाहाव्यात. या गाडीला वेगळी चौकट नसून तळ, खांब आणि छप्पर जोडून झालेला सांगाडाच सर्व भार पेलतो, त्यामुळे तळाचा गंज हा दिसण्याचा दोष न राहता मजबुतीचा प्रश्न बनतो, आणि त्यावर लांबी भरून रंग मारणे ही फसवणूक ठरते. जुना रंग कागदाने घासायचा झाल्यास तो ओला ठेवून घासावा, कारण त्या काळच्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो.

आता मुख्य मुद्दा. घरोघरी दिसणारी पद्धत अशी की, वडील किंवा मिस्त्री गाडीखाली असतात आणि मूल बाजूला उभे राहून मागितलेला पाना देते, बॅटरी धरते, बोल्ट डब्यात टाकते. या पद्धतीत मुलाला कष्ट पडतात, पण त्याला निर्णय घ्यावा लागत नाही, आणि जे चुकेल किंवा जमेल ते त्याचे ठरत नाही. तेरा ते सतरा या वयात मूल स्वतःची योग्यता स्वतःच अजमावू पाहत असते, तेव्हा तासन्‌तास नुसते पाने पुरवण्याने त्याच्या मनात यंत्राविषयी ओढ निर्माण होण्याऐवजी कंटाळा घर करतो. त्यापेक्षा गाडीतील एखादी पूर्ण व्यवस्था, खोलण्यापासून ती चालू करून दाखवण्यापर्यंत, निःसंकोचपणे त्याच्या स्वाधीन करावी, आणि मोठ्यांनी विचारले तरच बोलावे. कन्येच्या बाबतीत ही व्यवस्था कोणती असावी, तर इंधनाची आणि ठिणगीची. म्हणजे पेट्रोल पंप, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, कॉइल आणि प्लग.

या निवडीमागे कारण आहे. अलीकडच्या मोटारींत इंधनाचे माप आणि ठिणगीची वेळ संगणकीय नियंत्रक ठरवतो, आणि बोनेट उघडल्यावर प्लास्टिकच्या आवरणाखेरीज फारसे काही दिसत नाही. पद्मिनीत तीच दोन कामे डोळ्यांना दिसतील अशा भागांनी होतात. कार्ब्युरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणारे भांडे : हवेची वाट मध्येच अरुंद केल्याने तेथे तिचा वेग वाढतो व दाब घटतो, आणि त्या घटलेल्या दाबाने जेट नावाच्या बारीक छिद्रातून पेट्रोल ओढले जाते, वाटीत पेट्रोल किती राहावे हे तरंगणारा फ्लोट आणि त्याची सुई ठरवतात. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट म्हणजे बंद-उघड होणारी संपर्काची जोडी. ती उघडते त्या क्षणी कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातील प्रवाह तुटतो आणि १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या त्याच कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उद्भवून प्लगच्या टोकांत ठिणगी पडते. पॉइंटमधील फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, फीलर गेजच्या पातळ पात्यांनी मोजून ठेवावी लागते, आणि ती थोडी जरी चुकली तरी इंजिन ते लगेच सांगते. सिलिंडर एक, तीन, चार, दोन या क्रमाने पेटतात. दोन तारांची अदलाबदल झाली की कार्ब्युरेटरमधून बार निघतो आणि क्रमाचे महत्त्व मुलाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. शाळेच्या पुस्तकात विद्युतप्रवाह आणि विद्युतचुंबकीय प्रवर्तन या प्रकरणांत जे वाचले जाते ते येथे कानांनी ऐकू येते.

या व्यवस्थेला आजच्या इंधनाचाही एक प्रश्न जोडलेला आहे, आणि तो कन्येनेच सोडवावा इतका रंजक आहे. ही गाडी घडली तेव्हा पेट्रोलमध्ये शिसे असे, आणि ते व्हॉल्व्हच्या बैठकीचे झिजण्यापासून रक्षण करी; शिसेयुक्त पेट्रोल भारतात २००० च्या फेब्रुवारीपासून बंद झाले. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा यांना मऊ करते, हवेतील ओल शोषून घेते आणि उभ्या गाडीच्या टाकीत गंज वाढवते. म्हणून इंधनाच्या सर्व नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घ्याव्यात आणि महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी जुन्या पेट्रोलने भरून ठेवू नये. त्यात नागपूरच्या उन्हाची भर पडते. २०१३ च्या २३ मे रोजी येथे ४७.९ अंश तापमान नोंदले गेले होते. अशा दिवसांत इंजिनालगतच्या पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटतो, ज्याला व्हेपर लॉक म्हणतात, आणि जुने चालक पंपावर ओले फडके टाकून तो सोडवीत. नळीची वाट उष्णतेपासून दूर न्यावी की मूळ जागीच ठेवून आच्छादन द्यावे, हा निर्णय कन्येवर सोपवण्याजोगा आहे.

ब्रेक, जॅक आणि वेल्डिंग ही कामे मात्र मोठ्यांनी स्वतःकडे ठेवावीत, आणि याबाबत कोणतीही सवलत देऊ नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, जाऊ नये. भक्कम लोखंडी स्टँड लावूनच खाली सरकावे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ज्याची धूळ फुप्फुसांना घातक ठरते, म्हणून ड्रम उघडल्यावर फुंकर किंवा हवेचा झोत न मारता ओल्या फडक्याने पुसावे. खास नागपूरकरांनी ध्यानात घ्यावी अशी एक गोष्ट म्हणजे कूलर : तो बाहेरची हवा घरात ओढतो, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, तेव्हा टाकी किंवा कार्ब्युरेटर कूलरच्या खिडकीजवळ कधीही उघडू नये.

वेळापत्रक ऋतूंवर सोडावे हे श्रेयस्कर. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात, त्या लांब सुटीतील पहाटेचे तास इंजिनाला द्यावेत. पावसाळा वायरिंग आणि आतील कामाला बरा, कारण दमट हवेत फवारलेला रंग पांढुरका पडतो आणि मे महिन्यात थिनर इतक्या झपाट्याने उडतो की रंग सपाट बसतच नाही. रंगकाम हिवाळ्यात करावे. दहावीच्या वर्षात काम पूर्ण थांबले तरी चालेल. गाडी इतकी वर्षे थांबली आहे. शिकवणी वर्गांच्या धाकाने कामच रद्द करावे, असा सल्ला आपल्याला अनेकांकडून मिळेल, आणि तो चुकीचा आहे.

कायद्याची बाजूही मुलीसमोर उघड ठेवावी. १८ वर्षे पूर्ण होण्यापूर्वी मोटार चालवता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गुन्हा केल्यास पालकाला अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, तर त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. ज्या गाडीचे इंजिन तिने स्वतः चालू केले ती अंगणातही तिने हलवू नये, हे आधीच ठरलेले असावे. नोंदणीविषयी सांगायचे तर, नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्या खात्याने जुलै २०२१ मध्ये काढलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि सांगाडा व इंजिन मूळ स्वरूपात असलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते; शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आणि नेहमीच्या वापरास मनाई. पहिल्यावहिल्या पद्मिनी २०२४ पासून या वयाच्या होऊ लागल्या आहेत. गाडी चालती ठेवायची असल्यास या मोहात न पडता फिटनेस तपासणी करून साध्या नोंदणीचे नूतनीकरण करणेच योग्य.

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टाखातर भंगारातून छोटी जीप बनवली आणि २०२२ च्या जानेवारीत आनंद महिंद्रा यांच्या कंपनीने तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली, हे वृत्त सर्वत्र गाजले. त्यात बापाने मुलासाठी केलेल्या कष्टाचे मोल मोठे आहे. आपल्या घरी काम मुलीच्याच हाती सोपवून त्याहून एक पाऊल पुढे जाण्याची सोय आहे.

तेव्हा विनंती एवढीच : कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटर कन्येच्या हाती द्यावेत, खोलताना काढलेली छायाचित्रे व नोंदींची वही तिच्याच ताब्यात असावी, आणि इंजिन पहिल्या प्रयत्नात लागले नाही तरी ती शाळेत गेलेली असताना कोणीही ते जुळवून ठेवू नये.



आपला स्नेही